बेकर बोल, फिलाडेल्फिया (१८८७–१९३८): दोन रस्त्यांच्या मध्ये कोंबलेलं बेसबॉल मैदान

नकाशेवाला (धागाकर्ता)

जुन्या बेसबॉल मैदानांचा विषय निघाला की बोस्टनचं फेनवे आणि शिकागोचं रिग्ली या दोघांवरच गाडी थांबते. ती दोन्ही अजून उभी आहेत, म्हणून. त्यांच्या आधीच्या पिढीतलं, आता वीटसुद्धा शिल्लक नसलेलं फिलाडेल्फियाचं बेकर बोल मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मैदान कुणी आणि कशासाठी आखलं यापेक्षा शहराने त्याला किती जागा दिली यावर पुढची पन्नास वर्षं ठरली, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं.

आधी शहर. फिलाडेल्फियाची लोकसंख्या १८८० साली ८,४७,१७०, १८९० साली १०,४६,९६४ आणि १९०० साली १२,९३,६९७. शहर उत्तरेकडे पसरत होतं आणि बेसबॉलची मैदानं त्याच्या पुढच्या कडेने सरकत होती. नॅशनल लीग या बेसबॉल स्पर्धेचा पहिला सामना २२ एप्रिल १८७६ रोजी याच शहरात, २५व्या रस्त्याजवळच्या जेफरसन स्ट्रीट ग्राउंड्सवर झाला (बोस्टन ६, ॲथलेटिक्स हा फिलाडेल्फियाचा संघ ५). १८८३ मध्ये फिलीज संघ सुरू झाला तो त्याच भागातल्या रिक्रिएशन पार्कवर. चार हंगामांत ते अपुरं पडलं. मग मालक अल रीच आणि जॉन रॉजर्स यांनी आणखी उत्तरेला, ब्रॉड स्ट्रीटला लागून जागा घेतली. ओढ्याची खोलगट जमीन होती, ती भराव टाकून सपाट केली. ३० एप्रिल १८८७ ला पहिला सामना झाला आणि फिलीजने न्यूयॉर्कला १९–१० असं हरवलं. खर्च सुमारे १,०१,००० डॉलर, बसायची सोय साधारण १२,५०० लोकांची.

आता मुद्दा. जागा चार रस्त्यांच्या चौकटीत होती: पूर्वेला ब्रॉड, पश्चिमेला १५वा रस्ता, दक्षिणेला हंटिंग्डन, उत्तरेला लीहाय. फिलाडेल्फियात १४वा रस्ता नाही, त्याच्या जागी ब्रॉड आहे. म्हणजे ब्रॉड ते १५वा हे अंतर एकाच ब्लॉकचं, जेमतेम चारशे फुटांच्या आसपास. होम प्लेट (फलंदाज उभा राहतो ती जागा) नैर्ऋत्य कोपऱ्यात ठेवली. तिच्यासकट तीन बेस म्हणजे धावपटूंनी गाठायचे चौकोनाचे चार कोपरे. तिथून पहिल्या बेसची रेषा पूर्वेला ब्रॉडकडे जाते आणि तिसऱ्या बेसची उत्तरेला लीहायकडे. उत्तर-दक्षिण जागा ऐसपैस, पूर्व-पश्चिम तोकडी. प्लेटपासून भिंत डावीकडे ३४१ फुटांच्या आसपास, मधे ४०८ च्या आसपास आणि उजवीकडे फक्त २८०. सुरुवातीच्या काही वर्षांत तर त्याहूनही कमी.

उजवीकडची भिंत मागे सरकवणं शक्यच नव्हतं, मागे ब्रॉड स्ट्रीट होता. मग ती वर गेली. आधी ४० फूट, पुढे त्यावर जाळी चढवून ६० फूट.

जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे कान धरावा.

दांडपट्टा

धागा आवडला. एक शंका. २८० फूट म्हणजे ८५ मीटर. क्रिकेटमध्ये ८५ मीटरची सीमारेषा म्हणजे मोठं मैदान! मग इथे "तोकडी" का?

होमप्लेट

@दांडपट्टा, रास्त प्रश्न आहे, क्रिकेटवरून येणाऱ्या प्रत्येकाला हा पडतो.

एक, बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता येतो. फलंदाजाच्या दृष्टीने प्रत्येक चेंडू फुलटॉसच. शिवाय विकेट सांभाळायची नसल्यामुळे बॅट पूर्ण फिरवता येते.

दोन, खेळाचा वैध भाग फक्त ९० अंशांचा. मागे किंवा बाजूला मारून धावा नाहीत, त्यामुळे सगळी ताकद त्या पाव वर्तुळातच खर्च होते. अंतरं त्या हिशेबाने ठेवावी लागतात. १९२६ पासून नियम असा की कुंपण २५० फुटांच्या आत असेल तर त्यावरून गेलेला चेंडू होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा, फलंदाज सगळे बेस फिरून येतो) धरायचा नाही, दोनच बेस द्यायचे. १९५८ नंतर बांधलेल्या मैदानांना तर बाजूला किमान ३२५ फूट आणि मधे ४०० फूट अंतर ठेवायला सांगितलं. २८० म्हणजे नियमात बसणारं, पण काठावर पास.

तिसरी गोष्ट डावखुऱ्यांची. डावखुरा फलंदाज ओढून मारतो तेव्हा चेंडू उजव्या बाजूला जातो. इथे ती भिंत त्याच्या अंगणातच उभी.

क्रिकेटवरून आठवलं. १८८४ ते १८९३ या काळात फिलीजचा व्यवस्थापक होता हॅरी राइट. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा आणि मूळचा व्यावसायिक क्रिकेटपटू. हे मैदान सुरू झालं तेव्हा संघ त्याच्याच हाताखाली होता.

तुळई

बांधकामाच्या बाजूने लिहितो.

१८८७ चं बांधकाम बाहेरून विटांचं आणि बुरूज असलेलं देखणं. आतले मंडप, बाकं, जिने मात्र लाकडी. त्या काळी सगळीकडे हेच होतं आणि १८९४ साली त्याची किंमत मोजावी लागली. १५ मे ला बोस्टनचं साउथ एंड ग्राउंड्स जळलं आणि आग वस्तीत शिरून शंभराहून जास्त इमारती घेऊन गेली. ५ ऑगस्टला शिकागोचं वेस्ट साइड पार्क सामना चालू असताना पेटलं. तिथे प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये काटेरी तारेचं कुंपण होतं, लोक त्यात अडकले आणि खेळाडूंनी बॅटींनी तारा तोडून वाट केली. दुसऱ्याच दिवशी, ६ ऑगस्टला, फिलाडेल्फिया. नशिबाने सकाळची वेळ होती, प्रेक्षक नव्हते. मैदान पुन्हा वापरण्याजोगं होईपर्यंत फिलीज पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मैदानावर खेळले.

ही मैदानं एवढ्या पटकन का पेटायची? बाकांखाली पोकळी असते. पाट्यांच्या फटींतून कागद, शेंगांची टरफलं, सिगारची थोटकं खाली पडतात आणि साचतात. वरून छप्पर, खालून मोकळी हवा. चुलीची रचना हीच असते.

१८९५ मध्ये नव्याने बांधताना वीट आणि पोलाद वापरलं आणि वरचा मजला कॅन्टिलिव्हरवर तोलला. बेसबॉल मैदानात ही पद्धत पहिल्यांदा इथे आली. खिडकीवरचा छज्जा कसा भिंतीतून बाहेर येतो आणि पुढे त्याला खांब नसतो, तेच तत्त्व. साध्या मंडपात वरच्या मजल्याचा भार पुढच्या कडेच्या खांबांवर येतो आणि खांबामागे बसणाऱ्याला पिचर (चेंडू टाकणारा) तरी दिसत नाही किंवा बॅट्समन तरी. कॅन्टिलिव्हरमध्ये खांब मागे घेतात, त्यावरून पोलादी तुळई पुढे काढतात आणि तिचं मागचं टोक खाली बांधून ठेवतात. पुढे माणसं बसली की मागचं टोक उचलू पाहतं, म्हणून मागे पुरेसं वजन किंवा नांगर लागतो. लाकडाच्या सांध्यांना हे झेपत नाही. पोलाद स्वस्त होईपर्यंत ही कल्पना कागदावर राहिली ती त्यामुळेच.

बसायची सोय साधारण १८,००० वर गेली.

शंकासुर

पण पहिलं "आधुनिक" मैदान म्हणून शाइब पार्कचं नाव घेतात ना? तेही फिलाडेल्फियाचंच.

तुळई

हो, आणि दोन्ही बरोबर आहे. शाइब पार्क १२ एप्रिल १९०९ ला उघडलं. पोलाद आणि सळई घातलेलं काँक्रीट यांत पूर्ण उभं राहिलेलं ते पहिलं. बेकर बोलमध्ये मुख्य मंडप पोलाद-विटांचा, पण त्याच्या दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेली स्वस्त बाकं लाकडीच ठेवली होती. महाग तिकिटांच्या जागी पोलाद, स्वस्त तिकिटांच्या जागी फळ्या. पुढचे दोन्ही अपघात मुख्य मंडपात झाले नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

जाता जाता, शाइब पार्क ज्यांच्या नावाने आहे ते बेन शाइब आणि वर आलेले अल रीच हे खेळसाहित्याच्या धंद्यातले भागीदार. एक फिलीजचा मालक, दुसरा पुढे शहरातल्या दुसऱ्या संघाचा, ॲथलेटिक्सचा. दोन मैदानांत अंतर जेमतेम पाच-सहा ब्लॉक.

नकाशेवाला

१९०३ च्या अपघाताबद्दल जालावर अर्धवट माहिती फिरते, म्हणून सलग लिहितो.

८ ऑगस्ट १९०३, शनिवार. बोस्टनविरुद्ध एका तिकिटात दोन सामने, दुसरा चालू. डाव्या बाजूची लाकडी बाकं १५व्या रस्त्याच्या भिंतीला टेकलेली होती आणि भिंतीच्या वरच्या कडेला रस्त्याच्या बाजूने एक सज्जा बाहेर काढलेला होता. खाली रस्त्यावर दोन दारुड्यांची आणि काही मुलांची गडबड झाली, किंकाळ्या ऐकू आल्या. काय झालं ते बघायला बाकांवरचे लोक उठून सज्जाकडे धावले. सज्जा तुटला आणि माणसं खाली फुटपाथवर कोसळली. १२ मृत्यू, २३२ जखमी.

मैदानात नेमकं काय चाललं होतं याचा अपघाताशी संबंध नाही. "चुरशीच्या क्षणी गर्दी उसळली" असं लिहिलेलं दिसलं तर ते चूक समजा. लोक सामन्याकडे पाठ करून धावले होते.

त्याच वर्षी संघ नव्या मालकांना विकला गेला होता आणि मैदान मात्र रीच-रॉजर्सकडेच राहिलं होतं. दुरुस्ती कुणी करायची, हा वाद अशा व्यवहारात ठरलेलाच. उरलेले काही सामने ॲथलेटिक्सच्या कोलंबिया पार्कवर हलवावे लागले.

शंकासुर

म्हणजे दोष गर्दीचा की लाकडाचा?

तुळई

लाकडाचा. पाहणीत वासे कुजलेले निघाले. गर्दी हे फक्त निमित्त.

गणित करून दाखवतो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, त्या सज्जाचे मोजमाप म्हणून वापरू नका. समजा सज्जा ९० सेंटीमीटर रुंद आणि वासे ६० सेंटीमीटरवर एक. दाटीवाटीने उभी माणसं दर चौरस मीटरला ५, प्रत्येकी ६५ किलो, म्हणजे ३२५ किलो. एका वाशाच्या वाट्याला ०.९ × ०.६ × ३२५ = साधारण १७५ किलो. हा भार सारखा पसरला असेल तर तो भिंतीपासून ४५ सेंटीमीटरवर आहे असं धरतात. पण लोक वाकून खाली बघायला कठड्याला खेटले की भार जवळजवळ ९० सेंटीमीटरवर जातो. माणसं तेवढीच, भिंतीपाशी वाशाला वाकवणारा जोर दुप्पट.

आता कुजण्याकडे या. भिंतीतून बाहेर आलेल्या वाशाला सगळ्यात जास्त ताण भिंतीच्या तोंडाशी येतो, आणि तोही वाशाच्या वरच्या बाजूला. पावसाचं पाणी नेमकं तिथेच मुरतं. विटांच्या खाचेत हवा खेळत नाही, ओल टिकते, बुरशी धरते. बाहेरचं टोक ठोकून बघितलं तर खणखणीत लागतं, रंगही ठीक दिसतो, आणि भिंतीच्या आत भुसा झालेला असतो. वाशाची ताकद त्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वरचा एकतृतीयांश भाग कुजला तर उरलेल्या दोनतृतीयांशाची ताकद मूळच्या ४४ टक्के. म्हणजे एकीकडे जोर दुप्पट, दुसरीकडे ताकद निम्म्याहून कमी. आणि एक वासा गेला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर. ते कुजलेले असतील तर चेन उसवल्यासारखं सगळं जातं.

जुन्या वाड्याची लाकडी गॅलरी तपासणाऱ्यांसाठी हेच लागू: वासा मधे बघू नका, भिंतीच्या तोंडाशी बघा. बारीक स्क्रूड्रायव्हर वरच्या अंगाने टोचा. एक सेंटीमीटर सहज आत गेला तर त्या गॅलरीत उभं राहू नका.

होमप्लेट

आणि एवढं होऊन १९२७ मध्ये पुन्हा तेच!

१४ मे १९२७. सेंट लुईसविरुद्ध सामना. पाऊस आला म्हणून उघड्यावरचे लोक पहिल्या बेसच्या बाजूला, उजवीकडच्या छपराखालच्या बाकांवर येऊन दाटीने बसले. फिलीजने धावांचा सपाटा लावल्यावर पाय आपटणं सुरू झालं आणि बाकांचा भाग खाली बसला. पन्नासेक जखमी, एक मृत्यू. खालचे टेकू कुजलेले. दुरुस्ती होईपर्यंत सामने शाइब पार्कला.

पाय आपटण्याबद्दल @तुळई सांगतीलच, पण एक तालात शेकडो लोकांनी आपटणं आणि नुसतं बसणं यात फार फरक आहे.

तुळई

बरोबर. आणि टेकूचा खालचा पाय मातीत किंवा मातीला लागून असेल तर तो आधी जातो. १८८७ चा भराव, त्यात मुरणारं पाणी. दगडी किंवा काँक्रीटची बैठक देऊन लाकूड वीतभर वर उचललं असतं तरी बरंच टळलं असतं.

होमप्लेट

आता भिंतीकडे. उजवीकडची भिंत पत्र्याने मढवलेली होती. खेळाडूला डोक्याला ताप हा की पत्रा आणि वीट यांची उसळी वेगळी. कडक विटेवर आदळलेला चेंडू थेट इनफील्डकडे (बेसच्या चौकोनाकडे) परत यायचा, पत्र्याला लागलेला धप्पकन खाली पडायचा. आवाजावरून ओळखायचं आणि त्याप्रमाणे जागा धरायची.

यात तरबेज होता चक क्लाइन. १९३० साली उजव्या बाजूला खेळताना त्याने ४४ असिस्ट नोंदवले, म्हणजे त्याच्या फेकीवरून ४४ धावपटू बाद. आउटफिल्डरचा (बेसच्या चौकोनापलीकडे उभ्या क्षेत्ररक्षकाचा) आधुनिक काळातला हा विक्रम आहे. श्रेय त्याला द्यायलाच हवं, पण हिशेब पूर्ण मांडा. २८० फुटांवर भिंत म्हणजे तो जवळ उभा, फेक आखूड. आणि त्या वर्षी फिलीजची गोलंदाजी इतकी लुळी होती की बेसवर सतत प्रतिस्पर्धी धावपटू असायचेच. संघाची फलंदाजीची सरासरी ०.३१५, गोलंदाजांचा ईआरए (दर नऊ डावांत दिलेल्या धावांची सरासरी) ६.७१, निकाल ५२ विजय, १०२ पराभव आणि शेवटचा क्रमांक. बाद करायला गिऱ्हाईकच भरपूर होती.

उलट बाजूही बघा. याच मैदानावर ग्रोव्हर अलेक्झांडर गोलंदाजी करत होता. १९१६ साली त्याने १६ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला शून्यावर ठेवलं, त्यातले ९ सामने इथलेच. तेव्हा एकच चेंडू मळेपर्यंत, मऊ पडेपर्यंत वापरायचे, तो लांब जायचाच नाही. १९२० नंतर चेंडू वारंवार बदलू लागले आणि तीच भिंत अचानक जवळ आली. भिंत तिथेच होती, चेंडू बदलला.

आणखी एक जुनं उदाहरण. १८९३ ला पिचरचं होम प्लेटपासूनचं अंतर वाढवून ६० फूट ६ इंच केलं. १८९४ मध्ये, म्हणजे आगीच्याच वर्षी, फिलीजचे चार आउटफिल्डर (डेलाहॅन्टी, थॉम्पसन, हॅमिल्टन आणि टर्नर) फलंदाजीच्या सरासरीत ०.४०० च्या वर गेले. संघ चौथा आला.

दांडपट्टा

चौघे ०.४०० च्या वर आणि चौथा क्रमांक! आपल्याकडच्या काही संघांची आठवण झाली, नावं घेत नाही.

१९१५ च्या वर्ल्ड सिरीजबद्दल कुणी लिहील का?

नकाशेवाला

थोडक्यात. वर्ल्ड सिरीज म्हणजे हंगामाच्या शेवटी अजिंक्यपदासाठी होणारी मालिका. फिलीज पहिल्यांदा तिथवर पोचले. दुसऱ्या सामन्याला अध्यक्ष वुड्रो विल्सन आले, वर्ल्ड सिरीज बघणारे पहिले राष्ट्राध्यक्ष. मालक विल्यम बेकर (१९१३ पासून, मैदानाचं रूढ नाव त्यांच्यावरूनच) यांनी जास्त तिकिटं खपावी म्हणून मैदानाच्या आतच तात्पुरती बाकं लावली. तेव्हाच्या नियमाने टप्पा पडून प्रेक्षकांत गेलेला चेंडूही होमरन. पाचव्या सामन्यात बोस्टनच्या हॅरी हूपरने असे दोन होमरन मिळवले, दुसरा नवव्या डावात. बोस्टन ५–४ ने जिंकलं आणि सिरीजही. चार पैशांची बाकं किती महागात पडली बघा.

त्याच सिरीजच्या पहिल्या सामन्यात बोस्टनकडून एक तरुण पिचर फक्त बॅटिंगपुरता आला आणि पहिल्या बेसकडे घरंगळता चेंडू मारून बाद झाला: बेब रूथ, वर्ल्ड सिरीजमधली पहिली हजेरी. ३० मे १९३५ ला त्याचा कारकिर्दीतला शेवटचा सामनाही याच मैदानावर, आणि तिथेही चेंडू घरंगळत पहिल्या बेसकडेच.

गवतफुला

अवांतर: उजवीकडच्या त्या भिंतीवर लाइफबॉयची अवाढव्य जाहिरात होती, "फिलीज लाइफबॉय वापरतात" अशा अर्थाची. आपल्याकडे मोरीत असायचा तोच साबण. कुणीतरी खाली "तरी वास येतोच" असं लिहिलं, अशी गोष्ट सांगतात. संघाचा त्या काळचा खेळ बघता खोटी वाटत नाही.

आणि गवत कापायला १९२५ पर्यंत मेंढ्या पाळल्या होत्या. आधीच्या काळात मैदानाभोवती सायकल शर्यतींसाठी तिरकी धावपट्टीही होती. उंच चेंडू झेलायला आउटफिल्डर त्या उतारावर चढायचे.

नकाशेवाला

@गवतफुला, सेंटर फील्डचा (मैदानाच्या मधल्या मागच्या भागाचा) उंचवटा राहिला. त्याखालून रेडिंग कंपनीच्या रेल्वेचा बोगदा जायचा, त्यामुळे मैदान तिथे फुगलेलं. "हंप" हे टोपणनाव त्यावरून. रेल्वे खालून आणि प्रेक्षकही तिनेच आणलेले.

व्यनितून विचारलं होतं की जागा नकाशावर कशी बसवायची. क्रम असा:

आगीच्या विम्यासाठी काढलेले जुने नकाशे घ्या, एकाच जागेच्या किमान तीन वेगवेगळ्या वर्षांचे. त्यांत गुलाबी रंग म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड. फक्त रंग बघितले तरी मुख्य मंडप गुलाबी आणि बाजूची बाकं पिवळी हा वर आलेला मुद्दा डोळ्यांना दिसतो. असे नकाशे काढणाऱ्या सॅनबॉर्न कंपनीच्या नकाशांचं प्रमाण बहुतेक १ इंचाला ५० फूट.

मग क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्सर (जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचं साधन) उघडून ब्रॉड, १५वा, हंटिंग्डन, लीहाय यांचे चार छेद आजच्या नकाशाशी जुळवा. चारही रस्ते अजून तिथेच आहेत, हे या जागेचं भाग्य. चार बिंदूंवर थांबू नका, शेजारच्या ब्लॉकचे आणखी दोन-तीन घ्या. जुना कागद आखडतो आणि एका दिशेला जास्त आखडतो, चार बिंदूंत ते लपून जातं.

शेवटी नैर्ऋत्य कोपऱ्यातून ९० अंश काढा. इथे हमखास चूक होते: लोक होम प्लेट थेट कोपऱ्यावर ठेवतात. प्लेटमागे मोकळी जागा आणि मंडपाची खोली असते, त्यामुळे ती बरीच आत येते. मी उलटं सुचवतो. ब्रॉडच्या भिंतीपासून पश्चिमेला २८० फूट मोजा, तिथे प्लेट ठेवा आणि मग मंडपाच्या कडेशी ताडून बघा. खात्रीसाठी होम ते दुसरा बेस १२७ फूट ३ इंचांच्या आसपास भरला पाहिजे, कारण चौकोनाची बाजू ९० फूट.

शंकासुर

आणि शेवट?

होमप्लेट

३० जून १९३८, शेवटचा सामना, न्यूयॉर्ककडून १४–१ ने पराभव, बघायला जेमतेम दीड हजार लोक. पहिला विजय न्यूयॉर्कवर, शेवटचा मारही न्यूयॉर्कचाच. फिलीज शाइब पार्कवर भाडेकरू म्हणून गेले. मैदान काही वर्षं छोट्या मोटारींच्या शर्यती आणि स्केटिंगला वापरलं आणि १९५० मध्ये पाडलं. ब्रॉड स्ट्रीटवर आता राज्य सरकारची निळी पाटी आहे. सबवेचं नॉर्थ फिलाडेल्फिया स्टेशन लीहायच्या कोपऱ्यावरच, तिथून चालत दोन मिनिटं.

नकाशेवाला

पाटी बघायला गेलात तर ती ब्रॉडच्या बाजूला, म्हणजे उजवीकडच्या भिंतीपाशी आहे. होम प्लेट बघायची असेल तर हंटिंग्डनने वळून १५व्या रस्त्याच्या कोपऱ्याकडे चालत जा.